मनगट उचलले जाईपर्यंत

गेल्या वर्षी आषाढात, पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि माझ्या उजव्या दंडाचे हाड मोडले. मोड दंडाच्या मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागाच्या सीमेवर होती, टोके फारशी सरकलेली नव्हती आणि कातडीही फाटलेली नव्हती. अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र एक्स-रे पाहण्याआधी माझ्या पंजाकडे पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, मनगट वर उचला बरं.” मनगट उचलले गेले नाही. “बोटं सरळ करा.” बोटे मुळापाशी वाकलेलीच राहिली. “अंगठा बाहेर काढा.” अंगठा तळव्याला लागून तसाच राहिला. मूठ मिटता येत होती, पण तिच्यात जोर नव्हता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात, हाताच्या मागच्या बाजूने, त्यांनी कापसाचा बोळा फिरवला. तो फिरताना मला दिसला, जाणवला मात्र नाही.

हाडापेक्षा या लोंबणाऱ्या पंजानेच पुढचे जवळजवळ वर्षभर माझे लक्ष वेधून घेतले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आपल्या शरीरात काय बिघडले आहे हे समजून घेतल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नव्हते. डॉक्टरांनीही ते ओळखले असावे, कारण त्यांनी कागदावर दंडाचे हाड काढून त्याच्या मागून तिरकी खाली उतरणारी एक रेषा काढली. ही रेडियल नर्व्ह. मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून ती सुरू होते, काखेतून दंडाच्या मागे जाते, हाडाला लागूनच वळसा घेते आणि कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून साधारण १० सेंटिमीटर वर स्नायूंमधला जाड पडदा भेदून पुढच्या बाजूला येते. त्या पडद्यापाशी तिला हलायला फारसा वाव नसतो. म्हणून हाड नेमके तिथे मोडले की ती ताणली जाते, चेपली जाते, क्वचित तुटतेही. दंडाचे हाड मोडलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण बाराजणांच्या बाबतीत हे घडते, असे त्यांनी सांगितले.

कोपर सरळ करणारा दंडामागचा ट्रायसेप्स हा स्नायूदेखील याच मज्जातंतूवर चालतो. पण त्याच्याकडे जाणाऱ्या शाखा मोडीच्या बऱ्याच वर निघून गेलेल्या असल्यामुळे माझे कोपर सरळ होत होते. मोडीच्या खालचे सगळे मात्र बंद पडले होते, आणि हे सगळे म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची जवळजवळ संपूर्ण मागची बाजू.

या मागच्या बाजूकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पंजा पालथा टेबलावर ठेवून मनगट वर उचलले आणि दुसऱ्या हाताची बोटे कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला ठेवली, तर कातडीखाली जो गोळा घट्ट होतो तोच हा भाग. इथे बारा स्नायू आहेत. सात वरच्या थरात आणि पाच खालच्या थरात. वरच्या थरातले बरेचसे कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर एकाच ठिकाणी बांधलेले आहेत. खालच्या थरातले बहुतेक रेडियस आणि अल्ना ही दोन हाडे आणि त्यांच्यामधला पातळ पडदा यांवरून निघतात. अग्रबाहूच्या (कोपर ते मनगट या भागाच्या) पुढच्या बाजूला, म्हणजे तळव्याकडच्या बाजूला, स्नायूंची वाटणी दोन मज्जातंतूंमध्ये झालेली आहे. त्यांपैकी एक गेला तरी दुसरा थोडेफार काम सांभाळतो. मागच्या बाजूला अशी सोय नाही. बाराही स्नायू एकट्या रेडियल नर्व्हवर, तिच्या मुख्य धाग्यावर किंवा तिच्या खोल शाखेवर, अवलंबून आहेत. ती गेली की मनगट उचलणे, बोटे मुळातून उघडणे आणि अंगठा बाहेर नेणे ही तिन्ही कामे एकदम थांबतात.

मूठ मिटणारे स्नायू पुढच्या बाजूचे. त्यांचे मज्जातंतू शाबूत. मग माझ्या मुठीत जोर का नाही, हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात छळू लागला. दंडाला प्लास्टरचा पट्टा होता, पण पंजा मोकळा होता, आणि त्या पंजात पाण्याचा पेलादेखील टिकत नव्हता. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी मला त्यांची दोन बोटे दाबायला सांगितले. मी दाबली, त्यांना जेमतेम कळले. मग त्यांनी आपल्या दुसऱ्या हाताने माझे लोंबते मनगट उचलून थोडे मागे झुकवून धरले आणि पुन्हा दाबायला सांगितले. त्या क्षणी माझ्या मुठीत इतका जोर आला की मी स्वतःच दचकले. बोटे मिटणारे स्नायू मनगट खाली पडले की आधीच आखूड होऊन बसतात आणि त्यांना आणखी खेचायला जागा उरत नाही. मनगट साधारण २० ते ३५ अंश मागे झुकलेले असते तेव्हा त्यांना पुरेशी लांबी मिळते आणि पकड सर्वांत घट्ट बसते. म्हणजे आपण पेला धरतो, पिशवी उचलतो, खडू पकडतो, तेव्हा दिसतात तळव्याकडची बोटे, पण मनगट योग्य जागी धरून ठेवण्याचे काम चाललेले असते मागच्या बाजूला. माझी मूठ दुबळी होती, कारण तिचा मागचा आधार गेला होता. तपासणीच्या खोलीतले ते दोन मिनिटांचे प्रात्यक्षिक मला कोणत्याही आकृतीपेक्षा जास्त शिकवून गेले.

उघडण्याचे काम किती आहे हे घरात कळत गेले. कणीक मळताना पंजा सारखा उघडावा लागतो. पोळी लाटताना लाटणे बोटांनी धरलेले नसते, ते उघड्या तळव्याखाली फिरत असते. साडीच्या निऱ्या करताना अंगठा आणि तर्जनी पुन्हापुन्हा फाकवून पुढची घडी घ्यावी लागते, आणि माझा अंगठा फाकतच नव्हता. ते सगळे महिने मी सलवार-कमीज घालून शाळेत गेले आणि वेणी सासूबाईंनी घातली. फळ्यावर मी डाव्या हाताने लिहीत असे. अक्षर वाईट येई, पण मुलांनी ते निमूटपणे वाचले.

मज्जातंतूला झालेल्या इजेचे तीन प्रकार आहेत आणि कोणता प्रकार आहे यावर पुढचे सगळे ठरते. हे वर्गीकरण ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली, युद्धातल्या जखमींच्या अभ्यासातून मांडले. पहिल्या प्रकारात तंतू अखंड असतात, फक्त त्यांच्यातून संदेश जाणे काही काळ थांबते. असा हात काही आठवड्यांत बरा होतो. दुसऱ्या प्रकारात आतले तंतू तुटतात, पण त्यांच्याभोवतीची आवरणे टिकून राहतात. तिसऱ्यात सगळेच तुटते आणि शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसते. बाहेरून पाहता तिन्ही प्रकारांतला हात सारखाच लोंबतो. कातडी न फाटता हाड मोडले असेल तर इजा बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारची असते आणि बहुसंख्य रुग्णांचा हात आपोआप परत येतो, म्हणून दंड ताबडतोब उघडून पाहण्याची घाई करू नये, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. तीन-चार महिने वाट पाहायची. तोवर काहीच हालचाल दिसली नाही तर शस्त्रक्रिया करून मज्जातंतू पाहायचा. आणि तोही उपाय चालला नाही, तर पुढच्या बाजूच्या काही स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, काढून मागच्या बाजूला जोडायच्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात रॉबर्ट जोन्स यांनी रूढ केलेली ही शस्त्रक्रिया आजही बदलत्या स्वरूपात होते. तळव्याकडून वळवून आणलेला स्नायू मनगट उचलायला शिकतो, हे ऐकून मला भीतीपेक्षा धीरच जास्त वाटला, कारण याचा अर्थ सगळे मार्ग बंद झाले नव्हते.

मज्जातंतूची विद्युत तपासणी लगेच केली नाही. तुटलेल्या तंतूचा खालचा तुकडा हळूहळू मरतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर दाखवले होते. ही झीज पुरी होऊन तिच्या खुणा स्नायूत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधी केलेल्या तपासणीचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. महिन्याभराने स्नायूंत बारीक सुई घालून तपासणी झाली. मनगट उचलणाऱ्या स्नायूंत सुई गेली की यंत्रातून पावसाच्या थेंबांसारखा टपटप आवाज येई. मज्जातंतूपासून तुटलेले स्नायुतंतू आपापले एकेकटे आकसत असल्याची ती खूण. म्हणजे माझी इजा पहिल्या प्रकारची नव्हती. आतले तंतू तुटले होते आणि त्यांना मोडीच्या जागेपासून पुन्हा वाढत खाली यायचे होते. ही वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर, महिन्याला जवळपास एक इंच. मी घरी येऊन शिवणाच्या टेपने मोडीपासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून मनगटापर्यंत अंतर मोजले आणि मनात गणित केले. दिवाळीपर्यंत मनगट, संक्रांतीच्या आसपास बोटे, आणि गुढीपाडव्यापर्यंत अंगठा आणि तर्जनी. हे गणित फार चुकले नाही.

मधल्या काळात करण्याचे काम एकच होते, परत येणाऱ्या मज्जातंतूला हालणारे सांधे आणि जिवंत स्नायू सापडतील याची तजवीज ठेवणे. त्यासाठी पहिल्यांदा मनगट मागे झुकवून धरणारी पट्टी मिळाली. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी दुसरी बनवली. प्लास्टिकचा पांढरा पत्रा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकला की तो थोड्याच वेळात कापडासारखा मऊ होतो. तो त्यांनी माझ्या अग्रबाहूच्या मागच्या बाजूला बसवला, हाताने दाबून आकार दिला आणि थंड होईपर्यंत धरून ठेवला. मग त्यावर पुढे झेपावणाऱ्या तारा बसवून त्यांना रबरबँड अडकवले आणि प्रत्येक रबरबँडच्या टोकाला चामड्याचा छोटा झोका. बोटांची पहिली पेरे या झोक्यांत ठेवायची. बोटे मिटली की रबर ताणले जाई, बोटे सैल सोडली की रबर ती पुन्हा उघडी. मागच्या बाजूचे सगळे काम त्या चार रबरबँडांनी तात्पुरते अंगावर घेतले होते. ती पट्टी बांधून मी पुन्हा भाजी चिरू लागले आणि उत्तरपत्रिकाही तपासल्या.

फिजिओथेरपीच्या खोलीत मला माझ्या हाताची मागची बाजू एकेका स्नायूने ओळखता आली. बाई पेनासारख्या टोकाने विजेचे लांब, सौम्य ठोके देत. मज्जातंतू शाबूत असलेला स्नायू आखूड ठोक्यालाही झटकन उडी मारतो. मज्जातंतू गेलेला स्नायू त्याला दाद देत नाही, त्याला लांब ठोका लागतो आणि त्यालाही तो सावकाश, जडपणे आकसतो. या उपचाराने मज्जातंतू लवकर वाढत नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. कोणता स्नायू कुठे आहे हे मला कळावे म्हणून त्या ठोका बसलेल्या जागी बॉलपेनने खूण करून कातडीवरच नाव लिहीत. कोपराखाली टोक टेकवले की मनगट अंगठ्याच्या बाजूला उचलले जाई, चार बोटे खाली सरकवले की मधले बोट एकटे वर उठे, आणखी खाली, हाताच्या मध्याच्याही पलीकडे गेले की अंगठा हळूच बाहेर पडे. माझा हात माझ्या इच्छेने हलत नव्हता, पण तो हलू शकतो हे मला दिसत होते, आणि त्या काळात तेवढे दिसणे फार मोलाचे होते.

कातडीवर लिहिलेल्या त्या नावांमुळे मला ग्रे यांच्या शरीररचनेच्या ग्रंथातल्या जुन्या आकृत्या आठवतात. १८५८ साली निघालेल्या त्या ग्रंथाची चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढली होती. बाजूला बाण काढून नावे देण्याऐवजी त्यांनी स्नायूच्या अंगावर, त्याच्याच लांबीच्या दिशेने, नाव लिहिले. त्यामुळे पाहणाऱ्याला नाव आणि आकार एकदम लक्षात राहतात. अग्रबाहूच्या मागच्या बाजूच्या त्यांच्या दोन आकृत्या, एक वरच्या थराची आणि एक खालच्या थराची, मी मोठ्या करून छापून घेतल्या आणि घरी भिंतीला लावल्या. पुस्तक निघाले त्याच वर्षी कार्टर हिंदुस्थानात आले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले आणि १८६०च्या दशकात ते आमच्या साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगावर त्यांनी पुढे मोठे काम केले, त्या रोगातही मज्जातंतूच मरतात. ज्यांच्या रेषांवरून मी माझा हात शिकत होते ते गृहस्थ माझ्याच गावात राहून गेले, याचा मला मनापासून आनंद झाला.

मज्जातंतू खाली येतो आहे की नाही हे बाहेरून तपासण्याची एक साधी रीत आहे. मोडीपासून खाली मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने हलके टिचके मारत जायचे. वाढत्या तंतूंचे टोक जिथे पोहोचले असेल तिथे टिचकी बसली की पंजाच्या मागे, अंगठ्याच्या बाजूला, मुंग्या उठतात. फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी १९१५ साली ही खूण नोंदवली. दर पंधरवड्याला डॉक्टर टिचक्या मारून जागा पाहत. श्रावणात मुंग्या दंडावरच उठत होत्या, भाद्रपद संपता संपता ती जागा कोपराच्या जरा वर आली. स्नायूत अजून कणभर हालचाल नव्हती, तरी काहीतरी खाली सरकत आहे याचा तो पहिला भरवशाचा पुरावा होता.

नवरात्रात पहिला स्नायू परत आला. अंगठा वर ठेवून, हात ना पालथा ना उताणा अशा स्थितीत कोपर वाकवले आणि कुणी वरून विरोध केला, की कोपराच्या बाहेरच्या अंगाला एक लांबट उंचवटा ताठ होतो. तो ब्रॅकिओरेडियालिस. मागच्या बाजूच्या गटात मोजला जात असला तरी तो मनगट ओलांडत नाही, तो कोपर वाकवायला मदत करतो. मज्जातंतू कोपराच्या वरच त्याला शाखा देतो, म्हणून परतीच्या वाटेवर त्याचा क्रम पहिला. बाईंनी माझी डाव्या हाताची बोटे त्या जागी ठेवली आणि कोपर वाकवायला सांगितले. आत काहीतरी थरथरले. हालचाल दिसण्याइतकी नव्हती, फक्त बोटांना कळेल एवढी. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे नुसती थरथर, दोन म्हणजे वजनाचा भार काढून घेतला तर हालचाल, तीन म्हणजे स्वतःचे वजन उचलण्याइतकी, चार म्हणजे थोड्या विरोधालाही पुरेल इतकी, आणि पाच म्हणजे पूर्ण. वहीत शून्याच्या जागी एक लिहिताना बाईंचाही चेहरा उजळला. शस्त्रक्रियेचा विषय त्या दिवशी मागे पडला.

त्यापाठोपाठ मनगट आले. पण ते आले तेव्हा सरळ वर आले नाही, अंगठ्याच्या बाजूला तिरके होत वर आले. याचे कारण आकृतीत स्वच्छ दिसते. मनगट उचलणाऱ्या तीन स्नायूंपैकी सर्वांत आधी ज्याला शाखा मिळते तो लांब स्नायू तर्जनीच्या तळव्यातल्या हाडाच्या बुडाशी जाऊन बसतो, म्हणून तो एकटाच ओढू लागला की पंजा अंगठ्याकडे कलतो. त्याचा शेजारी, आखूड स्नायू, मधल्या बोटाच्या हाडावर बसतो. करंगळीच्या बाजूचा तिसरा, एक्स्टेन्सर कार्पी अल्नारिस, याला शाखा मिळते ती कोपराच्या बरीच खाली, मज्जातंतूची खोल शाखा सुपिनेटर नावाच्या स्नायूला भेदून मागच्या बाजूला उतरल्यावर. तो येईपर्यंत तोल साधत नाही. दिवाळीत मी पणत्या लावल्या तेव्हा माझे मनगट आडव्या रेषेच्या जरा वर येत होते आणि अंगठ्याकडे कललेले होते. त्या कललेल्या मनगटाने मी चकलीचा सोऱ्याही फिरवला, कारण पकड परत आली होती. डॉक्टरांनी आपल्या हाताने जे एकदा करून दाखवले होते ते आता माझाच स्नायू करत होता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण या दुखण्यातून जाणाऱ्या कुणालाही ती भेटते. मूठ जोरात मिटली की लोंबते मनगट किंचित वर आल्यासारखे दिसते. ती मागच्या स्नायूंची ताकद नसते. मिटणारी बोटे मागच्या कंडरांना ताणतात आणि त्या ताणाने मनगट वर खेचले जाते. तसेच बोटांचे. तळव्याच्या पुढच्या काठाला खालून आधार देऊन बोटांची मुळे सरळ धरली की माझ्या बोटांची पुढची पेरे पहिल्या दिवसापासून सरळ होत होती. कारण ती पेरे सरळ करण्याचे बरेचसे काम तळव्यातले बारीक स्नायू करतात आणि त्यांचे मज्जातंतू वेगळे आहेत. मागच्या बाजूच्या लांब स्नायूचे खास काम आहे बोट त्याच्या मुळाच्या सांध्यात उचलणे. म्हणून बाई बोटे तपासताना पुढची पेरे वाकवून ठेवत आणि फक्त मुळाचा सांधा उचलायला सांगत.

मुळाचा सांधा संक्रांतीच्या आधी उचलू लागला. चारही बोटांना मिळून एकच स्नायू आहे, एक्स्टेन्सर डिजिटोरम. त्याचे एक पोट आणि चार कंडरा. मनगटाच्या मागे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचा एक आडवा पट्टा आहे, त्याच्याखाली सहा बोगदे आहेत आणि मागच्या बाजूच्या सगळ्या कंडरा त्यांतून वाटून जातात. तो पट्टा नसता तर मनगट मागे झुकवताना कंडरा कातडीखाली ताणलेल्या धनुष्याच्या दोरीसारख्या उठून आल्या असत्या. चार कंडरा चौथ्या बोगद्यातून एकत्र जातात आणि पंजाच्या मागे पंख्यासारख्या पसरतात, पण पूर्ण सुट्या होत नाहीत. त्यांच्यामध्ये आडवे दुवे आहेत, आणि मधले बोट व अनामिका यांच्यातला दुवा विशेष घट्ट. मधले बोट आत दुमडून पंजा टेबलावर टेकवावा आणि अनामिका उचलून पाहावी, ती हलत नाही. दुमडलेल्या बोटाची कंडरा पुढे ओढली गेलेली असते आणि तिने शेजारणीलाही अडकवून ठेवलेले असते. करंगळी आणि तर्जनी मात्र उठतात, कारण त्या दोघींना आपापला एक जादा स्नायू आहे. वर्गात हा प्रयोग केला तेव्हा पन्नासेक मुले एकदम गप्प होऊन आपापल्या अनामिकेकडे पाहत बसली.

अंगठ्याची गोष्ट खालच्या थरातली. अंगठ्याच्या दिशेने जाणारे तीन स्नायू खोलातून निघतात, अग्रबाहूच्या खालच्या तिसऱ्या भागात वरच्या स्नायूंच्या मधून तिरके बाहेर येतात आणि मनगट उचलणाऱ्या कंडरांवरून पलीकडे जातात. अंगठा जोरात मागे ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो, जुन्या काळी तपकिरीची चिमूट ठेवायचा तो. त्याच्या एका काठाला दोन कंडरा असतात, दुसऱ्या काठाला एक लांब कंडरा, आणि तळाशी स्कॅफॉइड हे मनगटाचे छोटे हाड. तिथे बोट टेकवले तर रेडियल धमनीचे ठोकेही लागतात. दुसऱ्या काठाची ती लांब कंडरा रेडियसच्या मागच्या बाजूच्या एका टेंगळाला वळसा घालून अंगठ्याकडे वळते. कप्पीवरून दोर वळावा तसे ते टेंगूळ तिची दिशा बदलते, आणि त्यामुळेच पंजा टेबलावर पालथा असताना अंगठा एकटा वर उचलता येतो. ही हालचाल दुसरा कुठलाही स्नायू करू शकत नाही, म्हणून परीक्षा हीच. माझ्या उजव्या हाताला कितीतरी आठवडे तो खळगा पडतच नव्हता, डाव्याला पडत होता. होळीच्या सुमारास आधी बाहेरचा काठ दिसू लागला, आतला काठ अगदी पुसट. पाडव्याला मी गुढीच्या साडीच्या निऱ्या केल्या आणि त्यानंतर स्वतःच्याही.

सर्वांत शेवटी आला तर्जनीचा जादा स्नायू, एक्स्टेन्सर इंडिसिस. तो मागच्या बाजूच्या स्नायूंमध्ये सर्वांत खाली, मनगटाजवळ निघतो, मज्जातंतूची शाखा त्याच्याकडे सर्वांत उशिरा पोहोचते आणि म्हणून बहुतेक रुग्णांत तो शेवटीच परततो. मूठ मिटून फक्त तर्जनी सरळ करणे, म्हणजे फळ्याकडे बोट दाखवणे, हे त्याचे काम. तो येईपर्यंत मी तर्जनी सरळ केली की मधले बोटही तिच्यासोबत उठत असे. आता तर्जनी एकटी उठते.

या वर्षी शाळा सुरू झाल्यावर झालेल्या तपासणीत मनगटाचे तिन्ही स्नायू पाच, बोटांचा चार ते पाच यांच्या मध्ये, अंगठ्याचा लांब स्नायू चार आणि तर्जनीचा चार असे आकडे वहीत पडले. बेचक्यातल्या बधिर जागेवर आता स्पर्श कळतो, पण थंड आणि गरम यांतला फरक तिथे अजून उशिरा कळतो. सलग दोन तास फळ्यावर लिहिले की अंगठा दमतो आणि खडू थोडा खाली सरकतो, म्हणून बाईंनी अंगठ्याभोवती आणि बोटांभोवती रबरबँड अडकवून पंजा उघडण्याचा व्यायाम अजून चालू ठेवायला सांगितला आहे. तो मी स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत करते.